चेनला तेल कमी, फडकं जास्त

सायकलच्या चेनवरून बोट फिरवून बघा. बोट काळं झालं, तर त्या काळ्या लगद्यात तेल थोडं आणि बाकीचा माल जास्त आहे: रस्त्याची धूळ, आणि चेनचं व दात्यांचं झिजून निघालेलं पोलाद. हा लगदा म्हणजे पॉलिश पेपरचं काम करणारी पेस्ट. प्रत्येक पेडलला ही पेस्ट चेनला आतून घासते.

रोज ऑफिसला सायकलनं जाणारे, रविवारी सिंहगड किंवा लोणावळा गाठणारे, 200-300 किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राईड, करणारे, यांच्यात कोरडी पडून वाया गेलेली चेन फार कमी दिसते. जास्त दिसते ती तेलात बुडवलेली. आवाज आला की तेल, गिअर अडला की तेल, पाऊस पडून गेला की तेल. पुसायचं मात्र कुणी मनावर घेत नाही. पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं पुसण्याबद्दलच आहे.

झीज होते कुठे

चेनच्या बाहेर दिसणाऱ्या पट्ट्यांना तेलाची फारशी गरज नसते. गंज धरू नये एवढा पातळ थर पुरतो. खरं काम आत चालतं. बाहेरच्या दोन पट्ट्या पिननं जोडलेल्या असतात, त्यांच्या आत दुसऱ्या दोन पट्ट्या, आणि मधोमध सैल फिरणारा रोलर. मँचेस्टरमध्ये कारखाना काढलेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस माणसानं 1880 मध्ये रोलर चेनचं पेटंट घेतलं, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. पिनपासून पिनपर्यंत अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. दूधवाल्याची काळी सायकल असो की 12 स्पीडची, म्हणजे मागे 12 चक्रं असलेली रेसर, हे अंतर बदलत नाही. रुंदी तेवढी बदलते.

गिअरच्या सायकलला साधारण 110 ते 116 कड्या असतात. पुढचं चक्र 50 दात्यांचं असेल आणि मिनिटाला 80 फेऱ्यांच्या लयीत पेडल मारत असाल, तर प्रत्येक कडी मिनिटाला 35 वेळा त्या चक्रावरून जाते. तासाला 2,100 वेळा. शिवाय मागच्या कॅसेटवर (मागच्या चाकावरच्या चक्रांचा संच) आणि डीरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) दोन छोट्या चाकांवर वाकणं वेगळंच. दर वेळी पिन आतल्या पट्टीच्या भोकात थोडी फिरते. तिथे कण शिरलेले असतील तर पिन खरवडली जाते. आपण ‘चेन ताणली’ म्हणतो तेव्हा पट्टी लांब झालेली नसते. पिन बारीक आणि भोक मोठं झालेलं असतं. चेन अर्ध्या टक्क्यानं लांबली म्हणजे एका कडीत झीज किती? 0.06 मिलिमीटर.

1999 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी चेनची कार्यक्षमता मोजली. ती जास्तीत जास्त 98.6 टक्के भरली, आणि स्वच्छ खोलीत कोणतं वंगण वापरलं यानं फारसा फरक पडला नाही. मोकळी जागा भरून ठेवायची आणि घाण आत येऊ द्यायची नाही, हेच वंगणाचं मोठं काम असावं, असा स्पायसर यांचा निष्कर्ष होता. यावरून ‘मग तेल नकोच’ असं ठरवू नका, कारण प्रयोगशाळेत ना धूळ होती ना पाऊस. पण बाटलीवरचं नाव बदलत बसण्यापेक्षा चेन स्वच्छ ठेवण्यात पैसे आणि वेळ घालावा, हे त्यातून नक्की कळतं.

कोणतं तेल घालायचं

सायकलच्या दुकानात दोन तऱ्हेच्या बाटल्या मिळतात. ड्राय ल्यूब (ल्यूब म्हणजे वंगण) म्हणजे मेण किंवा तत्सम पदार्थ पातळ द्रावणात मिसळलेला. द्रावण उडून जातं आणि आत कोरडा थर राहतो. म्हणून ते घातल्यावर चार-पाच तास, खरं तर रात्रभर, सायकल उभी ठेवावी लागते. घालून लगेच निघालात तर पैसे रस्त्यावर सांडल्यासारखेच. वेट ल्यूब जाड आणि चिकट असतं, पाण्यानं सहज धुऊन जात नाही, पण धूळही धरून ठेवतं. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत ड्राय, जून ते सप्टेंबर वेट, एवढं गणित आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पुरतं.

आता घरात आणि गॅरेजमध्ये जे सापडतं त्याबद्दल.

शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, पिनपर्यंत झटकन पोचतं, पण टिकत नाही. अडीअडचणीला चालेल, आणि ऑफिसपर्यंतच्या पाच-सात किलोमीटरला दर आठवड्याला घालून पुसत राहिलात तरी चालेल. इंजिन ऑईल जाड आहे. धुळीच्या रस्त्यावर दोन दिवसांत त्याचा चिखल होतो. गाडीतून काढलेलं जुनं काळं ऑईल तर मुळीच नको, त्यात धातूचे कण आधीच आहेत. खोबरेल, गोडेतेल ही खायची आणि डोक्याला लावायची तेलं. गोडेतेल हवेनं चिकट होतं, आणि खोबरेल थंडीत थिजतं. ग्रीस बेअरिंगमध्ये शोभतं. चेनवर चोपडलं तर आत जातच नाही, बाहेर बसून धूळ गोळा करतं.

मोटारसायकलचा चेन स्प्रे मात्र अनेकजण विश्वासानं वापरतात. आजकालच्या बहुतेक मोठ्या मोटारसायकलींच्या चेनमध्ये रबरी रिंग असतात आणि पिनचं ग्रीस कारखान्यातच आत बंद केलेलं असतं. त्यामुळे तो स्प्रे बाहेरून चिकटून राहण्यासाठी बनवलेला असतो. सायकलच्या उघड्या चेनला नेमकं उलटं हवं.

राहिलं डब्ल्यूडी-40. निळ्या-पिवळ्या डब्यातला मूळ स्प्रे 1953 मध्ये सॅन दिएगोत बनला तो पाणी हटवण्यासाठी. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, आणि 40 म्हणजे चाळिसावा प्रयत्न. भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला, गंजलेला स्क्रू सोडवायला उत्तम. वंगण म्हणून मात्र तो थर फार पातळ. त्याच कंपनीची सायकलसाठीची वेगळी ल्यूबही मिळतात, ती वेगळी गोष्ट.

महागडी बाटली पाहून दचकू नका. 114 रोलर, प्रत्येकावर एक थेंब, म्हणजे एका वेळी साधारण पाच मिलिलीटर. 100 मिलीची बाटली वीस वेळा पुरते.

पुसणं

राईडवरून आलात, हेल्मेट काढलं, पाणी प्यायलात. आता जुन्या बनियनचा तुकडा घ्या, चेनचा खालचा भाग मुठीत हलका धरा आणि दुसऱ्या हातानं पेडल उलटं फिरवा. पंधरा-वीस फेऱ्या. फडक्याची जागा बदलून पुन्हा तेच. दोन मिनिटं लागतात. रोज चालवणाऱ्यानं आठवड्यातून दोनदा आणि लांबच्या राईडनंतर प्रत्येक वेळी एवढं केलं, तर चेन पूर्ण धुण्याची वेळ फार उशिरा येते. कात्रजच्या चढावर ट्रकच्या मागे तासभर काढला असेल, किंवा कोकणात लाल मातीचा रस्ता लागला असेल, तर त्याच दिवशी पुसा. धूळ बाहेर आहे तोवर फडक्यानं निघते. एकदा आत गेली की फडकं तिथे पोचत नाही.

बोटाला फक्त पुसट करडा डाग लागतोय आणि आवाज नाही, तर तेल घालू नका. हा मोह आवरणं सगळ्यांत अवघड.

तेल घालणं

कोरड्या दिवसांत ड्राय ल्यूब 150 ते 200 किलोमीटर टिकतं, वेट ल्यूब 300 किंवा थोडं पुढे. हे आकडे ढोबळ आहेत. खरा इशारा आवाजाचा. चेन बारीक ‘चुंई चुंई’ करायला लागली म्हणजे आत कोरड पडली. खरखर असेल तर कोरड नाही, घाण आहे. तिथे तेल घालून खरखर तासभर थांबते आणि झीज दुप्पट होते. आधी धुवा.

तेल नेहमी पुसलेल्या चेनवरच घालायचं. सायकल स्टँडवर किंवा भिंतीला टेकवून अशी ठेवा की पेडल उलटं फिरेल. गिअर मधल्या स्प्रॉकेटवर, म्हणजे कॅसेटच्या मधल्या चक्रावर घ्या, म्हणजे चेन सरळ राहते. सुरुवात क्विक लिंकपासून, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या, उघडता येणाऱ्या कडीपासून करा. ती कडी दिसायला वेगळी असते, त्यामुळे फेरी कुठे पूर्ण झाली ते कळतं. चेनच्या खालच्या भागावर, वरच्या बाजूनं, म्हणजे दात्यांना लागणाऱ्या बाजूनं, प्रत्येक रोलरवर एक थेंब. घाई न करता, एकेक कडी. फवारा मारू नका. स्प्रे मारला तर अर्धा टायरवर, रिमवर नाहीतर डिस्क ब्रेकवर जातो, आणि डिस्कच्या पॅडवर तेल लागलं की बहुतेक वेळा पॅड बदलावेच लागतात. स्प्रेच हाताशी असेल तर मागे पुठ्ठा धरा.

सगळ्या कड्या झाल्या की अर्धा मिनिट पेडल उलटं फिरवा, एक-दोनदा गिअर बदला, आणि थांबा. वेट ल्यूबला दहा-पंधरा मिनिटं, ड्रायला रात्रभर. मग स्वच्छ कोरड्या फडक्यानं चेन अशी पुसा, जणू घातलेलं सगळं तेल परत काढायचंय. घाबरू नका, आत गेलेलं निघत नाही. बाहेर राहिलेलं मात्र उद्या सकाळी धूळ गोळा करणार आहे. तेल संध्याकाळी घालावं, सकाळी निघताना नाही, याचं कारणही हेच: मधे पुसायला वेळ मिळतो.

पूर्ण धुणं

रोज पंचवीस-तीस किलोमीटर चालवणाऱ्याला कोरड्या दिवसांत दीड-दोन महिन्यांतून एकदा हे पुरतं. चेन काढून धुतली तर उत्तम. त्यासाठी क्विक लिंक हवी आणि ती उघडायची खास पक्कड. नसेल तर बुटाची मजबूत नाडी लिंकच्या दोन्ही बाजूंच्या रोलरमधून ओवून आडवी ओढली तरी बऱ्याचदा उघडते. एक सावधगिरी: शिमानो आणि स्रॅम या कंपन्यांच्या 10 ते 12 स्पीडच्या लिंक एकदाच वापरायच्या म्हणून दिलेल्या असतात, केएमसीच्या काही पुन्हा वापरता येतात. पाकिटावर लिहिलेलं असतं. तुमची लिंक पुन्हा न वापरायची असेल तर चेन सायकलवरच धुवा.

काढलेली चेन रुंद तोंडाच्या बाटलीत घाला आणि बुडेल इतकं टर्पेंटाइन ओता. रॉकेल आता सहज मिळत नाही. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन तेच काम करतं. पेट्रोल वापरू नका. ते भडका घेतं, त्याची वाफही वाईट, आणि इतक्या जोरदार द्रावणाची गरजच नसते. गंज काढायची आम्लं, संडास धुवायचं लिक्विड, कॉस्टिक असलेले क्लीनर यांना तर चेनजवळ आणू नका. आम्लानं पट्टी ठिसूळ होते, आणि अशी चेन चढावर उभं राहून जोर लावताना तुटते. तेव्हा तुमचं वजन कुठे असतं ते आठवा.

बाटली मिनिटभर जोरात हलवा, दहा मिनिटं ठेवा, पुन्हा हलवा. पहिलं टर्पेंटाइन शाईसारखं निघेल. दुसऱ्यांदा ताजं टर्पेंटाइन घेऊन तेच. मग भांड्यांच्या साबणाच्या गरम पाण्यात घोळवा, साध्या पाण्यानं धुवा, फडक्यात आवळून पाणी टिपा आणि कडक उन्हात तासभर टांगा. कड्या हलवून बघा, आत ओल राहता कामा नये. सुकली की लगेच तेल. तेल निघालेलं उघडं पोलाद आपल्या दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतं.

काळं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. झाकण लावून आठ दिवस ठेवा, गाळ खाली बसतो. वरचं निवळ पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं. गाळ कागदात किंवा लाकडाच्या भुशात टिपून घरच्या घातक कचऱ्यात द्या.

चेन सायकलवरच धुणार असाल तर डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) ब्रशवर घ्या, चेनवर ओतू नका. ओतलेलं द्रावण मागच्या हबमध्ये (चाकाच्या मध्यात) आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगमध्ये झिरपतं आणि तिथलं ग्रीस धुऊन टाकतं. याच कारणानं गाड्या धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्यानं सायकल धुऊन घेणं टाळा.

चेन उतरलेली आहे तोवर कॅसेटकडे वळा. बनियनची लांब पट्टी दोन स्प्रॉकेटच्या फटीत घालून पुढेमागे ओढा, एकेक फट साफ. डीरेलरच्या छोट्या चाकांवर काळी कडक वळी जमलेली असते, ती बोथट स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढा. स्वच्छ चेन घाणेरड्या चाकांवर चढवली तर दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

पावसाळा

जून ते सप्टेंबर वेगळा हिशोब. ताम्हिणीत किंवा माळशेजला तीन तास भिजलात की कोणतंही तेल पूर्ण टिकत नाही. घरी आल्यावर मगानं हलकं पाणी ओतून चिखल काढा, फडक्यानं टिपा, वाटलं तर पाणी हटवणारा स्प्रे थोडा मारून पुन्हा पुसा. तासाभरानं वेट ल्यूब. हे त्याच दिवशी. उद्यावर ढकललं की सकाळी चेनवर गंज. वरवरचा तांबूस थर तेल लावून घासला की जातो, त्यानं घाबरू नये. कड्या अडकायला लागल्या तर मात्र गंज आत गेलाय.

अडकलेली कडी ओळखायची खूण: पेडल हळू उलटं मारताना ती डीरेलरच्या चाकावरून जाताना डीरेलर किंचित उडी मारतो आणि ‘टक्’ आवाज येतो. ती कडी दोन्ही अंगठ्यांत धरून आडवी, डावी-उजवीकडे, बेतानं वाकवा. तेलाचा थेंब घाला. बहुतेक वेळा मोकळी होते.

मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा, अशा किनाऱ्यावर राहणाऱ्यांना खारी हवा बारा महिने. तिथे उन्हाळ्यातही थोडं वेट ल्यूब बरं. वाळूत सायकल घातली असेल तर आधी गोड्या पाण्यानं धुवा, मग बाकीचं. घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) चालवणाऱ्यांचा घाम चेनवर ठिबकतो, त्याचंही मीठच.

मेणाचा नाद

गरम मेणाची पद्धत आता इकडेही रुजते आहे. नवी किंवा अगदी स्वच्छ धुतलेली चेन वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवायची, आतली हवा निघून बुडबुडे थांबले की बाहेर काढून टांगायची. थंड झाल्यावर चेन काठीसारखी कडक होते. एकेक कडी हातानं मोकळी करून चढवायची. हात काळे होत नाहीत, धूळ चिकटत नाही, चेन बरीच जास्त टिकते. कोरड्या रस्त्यावर साधारण 300 किलोमीटरनंतर पुन्हा मेण.

पॅराफिन 60 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवूनच तापवा. गॅसवर थेट ठेवलं तर पेट घेऊ शकतं, आणि त्यावर पाणी ओतलं तर आग उसळते. पहिल्या वेळी चेनमधलं तेल शंभर टक्के निघालेलं हवं, नाहीतर मेण धरत नाही. पावसात हे लवकर धुऊन जातं. माझ्या मते ज्याच्याकडे दोन चेन आहेत आणि रविवारची दुपार मोकळी आहे, त्यानं ऑक्टोबर ते मे जरूर करावं. रोज पाऊस-चिखलात ऑफिस गाठणाऱ्यानं या फंदात पडू नये.

चेन बदलायची कधी

चेन चेकर नावाची छोटी पट्टी मिळते, ती घेऊन ठेवावी. नसेल तर स्टीलची फूटपट्टी घ्या. चेन ताठ ठेवून शून्य एका पिनच्या बरोबर मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये 12 इंचाच्या रेषेवर नेमका आणखी एका पिनचा मध्य येतो. सुतारांच्या मापात सांगायचं तर ती पिन अर्धं सूत पुढे गेली असेल, म्हणजे एक सोळांश इंच, तर चेन अर्ध्या टक्क्यानं लांबली. 11 आणि 12 स्पीडवाल्यांनी इथेच बदलावी. 8 ते 10 स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत चालतं, बिनगिअरच्या सायकलला एक टक्का. पूर्ण एक सूत पुढे गेली असेल, तर गिअरच्या सायकलची कॅसेटही बहुधा गेली. लांबलेली चेन दात्यांच्या मुळाशी न बसता टोकाकडे चढते आणि त्यांना स्वतःच्या मापानं झिजवते. कॅसेट चेनपेक्षा कितीतरी महाग, म्हणून चेन वेळेवर बदलणं हीच काटकसर.

नवी चेन घेताना स्पीड जुळवून घ्या. 8 ची चेन 10 ला चालत नाही. लांबी जुनीशेजारी टांगून ठरवू नका: एक टक्का लांबलेली 116 कड्यांची चेन एका कडीपेक्षा जास्त लांब भरते. कड्या मोजा. चेनच्या पट्ट्यांवर अक्षरं एकाच बाजूला असतील तर ती बाजू बाहेर येऊ द्या. कारखान्यातलं ग्रीस धुऊ नका, मेण करणार असाल तर गोष्ट वेगळी. ते पिनपर्यंत नीट भरलेलं असतं. बाहेरचा चिकटपणा फडक्यानं पुसला की झालं.

पहिल्या राईडला, घरापासून लांब जायच्या आधी, छोट्या चढावर प्रत्येक गिअरमध्ये जोर लावून बघा. एखाद्याच स्प्रॉकेटवर चेन ‘खटक्’ करून सटकत असेल तर दोष चेनचा नाही. तो तुमचा लाडका गिअर आहे आणि त्याचे दाते झिजलेत. कॅसेट बदला, किंवा फ्रीव्हील (जुन्या पद्धतीचा मागच्या चक्रांचा संच) असेल तर ते. चेन कापून उरलेल्या दोन-चार कड्या टाकू नका. त्या, एक जादा क्विक लिंक आणि चेन तोडायचं छोटं हत्यार सीटखालच्या पिशवीत ठेवा. घाटात चेन तुटली तर तेवढ्यावर खाली उतरता येतं, आणि बहुतेक वेळा घरापर्यंतही.